लेक घोड्यावर, आई पुसलेली

चाँदबीबीचे चित्र आपण अनेकांनी पाहिले आहे. धावता घोडा, हातावर ससाणा. १५९५-९६ मध्ये मोगलांविरुद्ध अहमदनगरचा किल्ला लढवणाऱ्या या राणीची अशी बरीच चित्रे तिच्या मृत्यूनंतर शतकभराने, अठराव्या शतकात रंगवली गेली.

तिची आई खुंजा हुमायूं मात्र फारशी कुणाला ठाऊक नाही. १५६५ मध्ये पती हुसेन निजामशहा वारला. अल्पवयीन मुलगा मुर्तजाच्या नावाने तिने काही वर्षे राज्य चालवले. ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ या फारसी काव्याचे सचित्र हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यात ती बादशहाशेजारी सिंहासनावर बसलेली होती. पुढे मुलानेच तिला कैद केले आणि बहुतेक चित्रांतून ती पुसली गेली. बादशहा तसाच राहिला.

तिने भावांना मोठी पदे दिली, त्यामुळे सरदार बिथरले, हे खरे. पण भाऊबंदांना पदे देणाऱ्या किती राजांची चित्रे कुणी पुसली?

लढून गेलेल्या बाईचे आपल्याला कौतुक आहे. खुर्चीवर बसून हिशेब मागणारी मात्र खुपते. आज पंचायती, नगरपरिषदांत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. तरी चौकातल्या फ्लेक्सवर निवडून आलेल्या बाईपेक्षा नवऱ्याचाच फोटो मोठा दिसतो. हेही पुसणेच झाले.

रमजानमध्ये आपण कुणाचा हक मारला का, हे मनाला विचारतो. आर्णीकरांनो, खुर्चीही हकच आहे. येत्या ईदच्या शुभेच्छांच्या फ्लेक्सवर तिचा फोटो मधोमध येऊ द्या.