बर्गरमध्ये नेमके काय शोधायचे?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीला सुरू होतो. घाट चढण्याआधी बर्गर, फ्राईज किंवा शोर्मा खाऊन घेणाऱ्या कुटुंबांची इथे सतत वर्दळ असते. अशा वेळी ‘यात गोमांस तर नाही ना?’ अशी शंका हमखास निघते. शंका रास्त आहे. आपण काय खातो हे कळणे हा ग्राहकाचा हक्कच आहे. मात्र हा प्रश्न श्रद्धेचा आणि आहाराच्या निवडीचा आहे. अन्न सुरक्षित आहे की नाही, हा प्रश्न वेगळा. दोन्हींची गल्लत झाली की खरा धोका नजरेआड होतो.

पहिल्या प्रश्नाला इतिहास आहे. मॅकडोनाल्ड्स १९९६ मध्ये भारतात आले ते गोमांसाशिवायच. २००१ मध्ये अमेरिकेतील त्यांच्या फ्राईजमध्ये गोमांसापासून केलेला स्वाद वापरला जातो, हे उघड झाले आणि त्याचे पडसाद ठाणे-मुंबईतही उमटले. भारतात असा स्वाद वापरत नाही, असा खुलासा कंपनीने केला. अमेरिकेत मात्र तिला माफी मागून भरपाई द्यावी लागली. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे.

आता दुसरा प्रश्न. १९९३ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या पश्चिम भागात एका साखळी उपाहारगृहाचे हॅम्बर्गर खाऊन सातशेहून अधिक लोक आजारी पडले, चार मुले दगावली. कारण होते ‘ई. कोलाय ओ१५७’ हा जिवाणू आणि अर्धवट शिजलेली पॅटी. मांसाच्या अखंड तुकड्यावर जिवाणू बहुधा पृष्ठभागावर असतात आणि आचेने मरतात. खिमा करताना तेच जिवाणू आतपर्यंत मिसळतात. म्हणून पॅटी बाहेरून खरपूस दिसली तरी पुरेशी नसते. तिच्या मध्यभागी ७१ अंश सेल्सिअस तापमान पोहोचावे लागते. चिकनसाठी हा आकडा ७४ आहे.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत पुन्हा हाच जिवाणू आढळला. १०४ जण आजारी पडले, एकाचा मृत्यू झाला. सुरुवातीला संशय बर्गरमधील गोमांसावरही होता. तपास शेवटी पोहोचला तो चिरलेल्या कच्च्या कांद्यापर्यंत! म्हणजे बर्गर शाकाहारी असला तरी कच्चा कांदा, कोबी, चटणी आणि बर्फ यांतून आजार होऊ शकतो.

इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. मे २०२४ मध्ये खाडीपलीकडे मानखुर्द-ट्रॉम्बे भागात चिकन शोर्मा खाल्ल्यानंतर १९ वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला. त्या मांसाचे नाव काय, यापेक्षा ते किती वेळ आणि कसे ठेवले होते, हा प्रश्न महत्त्वाचा होता.

खाताना म्हणूनच काही गोष्टी पाहाव्यात. पॅटी किंवा चिकन आत गुलाबी, चिकट वा थंड असेल तर परत करावे. कच्चे मांस आणि सॅलड एकाच पाटीवर, एकाच सुरीने चिरले जात असेल तर तिथून निघावे. शोर्म्याचे मांस संथ आचेवर तासन्‌तास लटकत असेल, मेयोनीज उन्हात उघडे असेल, तर मोह टाळावा. दुकानात १४ अंकी परवाना क्रमांक लावलेला असतो, तो पाहावा. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते; उरलेले अन्न आणि बिल जपून ठेवावे.

बाहेरचे खाल्ल्यावर जुलाबातून रक्त पडले, तर घरच्या घरी जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या किंवा उरलेली प्रतिजैविके घेऊ नयेत. ओ१५७ च्या संसर्गात त्यांनी गुंतागुंत वाढू शकते. त्रास सुरू झाल्यावर आठवड्याभरात मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका असतो. पाच वर्षांखालील मुलांना तो सर्वाधिक. मूल निस्तेज दिसले, लघवी कमी झाली, तर पुढचा प्रवास रद्द करून रुग्णालय गाठावे.

‘यात काय आहे?’ हे जरूर विचारावे. त्याच्या जोडीला ‘हे नीट शिजले आहे का?’ हेही विचारण्याची सवय लागली, तर अनेक आजार टळतील.