डालडा १३ ने कॅमेरा का ठेवला?

होमाय व्यारावाला म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं: भारतातल्या पहिल्या महिला फोटोजर्नलिस्ट. क्विझसाठी ठीक आहे हो. पण गेले दोन वीकेंड मी त्यांचे फोटो बघतोय, मिळेल ते वाचतोय आणि मला वाटायला लागलंय की या बाईंची सगळ्यात भारी गोष्ट वेगळीच आहे. १९७० साली त्यांनी फोटोग्राफी सोडली, ती.

आधी थोडी ओळख. जन्म १९१३, नवसारीचा, घर पारशी. शिक्षण मुंबईत, जे. जे. मध्ये. कॅमेरा शिकवला माणेकशांनी, पुढे त्यांच्याशीच लग्न झालं. सुरुवातीचे फोटो छापून यायचे ते मात्र नवऱ्याच्या नावावर. १९४२ साली दिल्लीला गेल्या. 'डालडा १३' हे त्यांचं टोपणनाव. गाडीचा नंबर डीएलडी १३, जन्म १९१३ चा आणि माणेकशांशी ओळख वयाच्या तेराव्या वर्षी. (आपले पासवर्ड याहून सोपे असतात!)

जून १९४७ चा एक फोटो आहे. फाळणीच्या ठरावावर मतदान चाललंय आणि काँग्रेसच्या सदस्यांनी हात वर केलेत. बस, एवढंच. आपण मीटिंगमध्ये 'कोणाकोणाला चालेल?' म्हटल्यावर करतो तसे हात. त्या हातांनी पुढे काय झालं ते आपल्याला माहितीये, फोटोत कुठेच ओरडून सांगितलेलं नाही. मी बराच वेळ बघत बसलो होतो.

आता कोणी म्हणेल, त्या काळात स्पीड ग्राफिक वापरायचे, एका शीटवर एकच फोटो, मग संयम पाळावाच लागणार. मला नाही पटत. १९७० पर्यंत छोटे कॅमेरे सर्रास होते. बाईंना त्रास कॅमेऱ्याचा नव्हता, माणसांचा होता. नव्या प्रेस फोटोग्राफरांचं वागणं त्यांना सहन होईना. आपण ज्याचा फोटो काढतोय त्याची आब राखायची, हा त्यांचा नियम, तोच मोडीत निघाला होता. माणेकशा आदल्याच वर्षी गेले होते. त्यांनी सरळ काम थांबवलं, सत्तावन्नाव्या वर्षी. २०१२ साली, ९८ व्या वर्षी वारल्या. मधली चाळीस वर्षं पिलानी, वडोदरा, घरची कामं स्वतःच्या हाताने. फोटोग्राफी नाही ती नाहीच.

याचा अर्थ त्या संत होत्या असा नाही. ३० जानेवारी १९४८ ला त्या बिर्ला हाऊसकडे निघाल्या होत्या, नवऱ्याने परत बोलावलं, उद्या दोघं जाऊ म्हणून. ही चुटपुट त्यांना कायम राहिली. म्हणजे भूक त्यांनाही होतीच की. आणि हेही कबूल करायला हवं की आब राखण्याची एक किंमत असते. त्यांचे गाजलेले फोटो बहुतेक नेत्यांचे, समारंभांचे, पाहुण्यांचे. सत्तेशी इतकं सभ्य राहिलं की काही गोष्टी फ्रेमच्या बाहेर राहणारच.

गंमत म्हणजे फोटोग्राफरने कितीही जपलं तरी पुढचं त्याच्या हातात नसतं. विमानात ब्रिटिश उपउच्चायुक्तांच्या पत्नीची सिगारेट पेटवून देणारे नेहरू, हा फोटो तुमच्या फॅमिली ग्रुपवर नक्की आला असेल, वर काहीतरी घाणेरडी ओळ लिहून. तो होमायबाईंचा. काढला होता किती सहज!

मग मला ही बाई एवढी का लागली? गेल्या वर्षी पालखीबरोबर दिवे घाटात गेलो होतो. आम्ही सगळे आयटीवाले, गळ्यात डीएसएलआर. एक म्हातारी वारकरीण रस्त्याच्या कडेला बसून पायाचे फोड बघत होती. मी गुडघ्यावर बसलो, बर्स्ट मोड, वीसेक फ्रेम. तिने वर पाहिलं, पाय लुगड्याखाली ओढून घेतले आणि म्हणाली, "झालं का रं बाबा?"

घरी येऊन उघडले. फोकस अगदी परफेक्ट आहे, शेवटच्या तीन फ्रेममध्ये ती पाय लपवताना दिसते. टाकले कुठेच नाहीत. डिलीटही झाले नाहीत माझ्याच्याने.