पारपटलाचे आनुवंशिक विकार : आधी निदान, मग जनुकोपचार

हिंगोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. २०११ च्या जनगणनेनुसार पावणेबारा लाख लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्याची ती मोठी गरज होती. याच काळात नेत्रवैद्यकातही महत्त्वाचे बदल घडत आहेत. डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्याच्या, म्हणजे पारपटल वा कॉर्नियाच्या आनुवंशिक विकारांवर पेशी आणि जनुकांच्या पातळीवर उपचार शोधले जात आहेत. कळमनुरी वा सेनगावातील कुटुंबापर्यंत ते पोहोचतील का, हा खरा प्रश्न आहे.

या विकारांपैकी एकात बाळाचे दोन्ही डोळे जन्मतःच किंवा पहिल्या काही महिन्यांत धुरकट दिसतात. पारपटलातील पाणी बाहेर टाकणाऱ्या आतल्या थरात दोष असतो. त्यास कारणीभूत ‘एसएलसी४ए११’ हे जनुक २००६ मध्ये ओळखले गेले. ‘मॅक्युलर डिस्ट्रॉफी’ या दुसऱ्या विकारात पारपटल लहानपणापासून किंवा तरुण वयात हळूहळू गढूळ होते. त्यामागे ‘सीएचएसटी६’ जनुकातील दोष असतो.

दोन्ही विकारांत आई आणि वडील या दोघांकडून सदोष जनुक आले, तरच आजार होतो. अशा दाम्पत्याच्या प्रत्येक अपत्यास धोका २५ टक्के असतो. नात्यातील विवाहात ही शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत मराठवाड्यात जुनी असल्याने हा विषय येथे केवळ पुस्तकी नाही. मात्र त्यासाठी मातेस दोष देणे अशास्त्रीय आणि अन्यायकारक आहे.

आजचा प्रस्थापित उपाय पारपटलाचे प्रत्यारोपण हाच आहे. पेशीउपचारात जपानने आघाडी घेतली. क्योटो येथील शिगेरू किनोशिता यांच्या पथकाने दात्याच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून डोळ्यात टोचल्या. ११ रुग्णांवरील निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०२३ मध्ये जपानने या उपचारास मान्यता दिली. एका दात्याच्या पेशी यात अनेक रुग्णांना पुरू शकतात. म्हणजे नेत्रदानाचे महत्त्व कमी होत नाही, उलट वाढते.

जनुकोपचाराची वाट अधिक लांब आहे. दृष्टिपटलाच्या एका आनुवंशिक विकारावरील जनुकोपचारास अमेरिकेत २०१७ मध्येच मान्यता मिळाली. पारपटलाच्या या दोन विकारांवर तसा मान्यताप्राप्त उपचार अद्याप नाही. शिवाय हा उपचार सर्वांना सरसकट देता येत नाही. कोठे निरोगी जनुक पुरवावे लागेल, तर कोठे सदोष जनुक निष्क्रिय करावे लागेल. नेमका दोष माहीत नसलेल्या रुग्णास उद्याचे औषधही निरुपयोगी ठरेल.

म्हणूनच तयारी आज हवी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील तपासणीत धुरकट डोळ्यांचे मूल आढळल्यास ‘मोतीबिंदू असेल’ असे म्हणून थांबू नये. त्याला कॉर्नियातज्ज्ञाकडे पाठवावे, जनुक तपासणी व्हावी आणि आई-वडिलांना समुपदेशन मिळावे. ‘एसएलसी४ए११’ मधील दोषामुळे पुढे श्रवणशक्तीही घटू शकते, त्यामुळे कानांची तपासणीही आवश्यक आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रदान घडवून आणणारी यंत्रणा तालुक्यापर्यंत उभी राहिली पाहिजे. नव्या महाविद्यालयाने एवढे काम हाती घेतले, तर जपानमधील संशोधन हिंगोलीस परके राहणार नाही.