फुलणारी पाहुणी आणि घरचें माकड

गव्हाणहून पनवेलकडे जातांना वाटेंत घाणेरीचीं झुडपें फुललेलीं दिसतात. एकाच गुच्छांत पिवळीं व गुलाबी फुलें पाहून प्रवाशाचें मन प्रसन्न होतें. त्याच प्रवाशास पुढें एखाद्या घाटांत माकड दिसलें, तर तो त्यास चिवडा टाकतो, नाहीं तर दगड मारतो. ह्या दोन जातींविषयीं आपला न्याय बरोबर आहे काय?

शास्त्राच्या दप्तरीं दोन्ही जाती समान होत. घाणेरीस लिनियसनें १७५३ सालीं नांव दिलें. डोक्यावर केसांची टोपी असलेल्या आपल्या लहानशा माकडास जॉफ्रवा ह्या फ्रेंच पंडितानें १८१२ सालीं. परंतु भूमीच्या दृष्टीनें पाहिल्यास चित्र पालटतें.

घाणेरी मूळची अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं ती शोभेसाठीं आपल्या देशांत आणली गेली. तिचीं पानें विषारी, म्हणून गुरें तिला तोंड लावीत नाहींत. बुलबुल तिचीं फळें खाऊन बिया दूरवर नेतात. तोडली तरी ती बुंध्यापासून पुन्हां फुटते, आणि तिच्या दाट सावलींत इतर रोपें वाढत नाहींत. परदेशची म्हणून ती वाईट, असें मात्र मी म्हणत नाहीं. काजू व मिरची हींही समुद्रापलीकडूनच आलीं आणि आपल्या घरचीं झालीं. दोष येण्यांत नाहीं. दुसऱ्यास जागा न देण्यांत आहे.

उलटपक्षीं, हें माकड भारताच्या द्वीपकल्पाबाहेर कोणत्याही रानांत मूळचें नाहीं. घाणेरी येथून उपटली तरी पृथ्वीवर पुष्कळ उरेल. हें माकड येथून गेलें, म्हणजे पृथ्वीवरील रानांतूनच गेलें. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादींत त्याची नोंद असुरक्षित जातींत झालेली आहे.

तें बागांची नासाडी करतें, हें खरें. बागाईतदाराचें दुःख थट्टेवारी नेण्यासारखें नव्हे. परंतु उलव्याची टेकडी विमानतळासाठीं कापली, ठिकठिकाणच्या रानांतील उंबर-जांभळी तोडल्या आणि रस्त्यावर खाऊ टाकून माकडांस भीक मागावयास शिकविलें, हें सर्व कोणीं केलें? माकडांनीं खचित नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, येत्या पावसाळ्यांत जमीन ओली असतां प्रत्येकानें घाणेरीचें एक झुडूप मुळासकट उपटून तेथें जांभळाचें रोप लावावें, आणि वाटेवरील माकडास खाऊ टाकणें व दगड मारणें दोन्ही सोडावें. पाहुणीस सारें अंगण द्यावयाचें आणि घरच्यास चोर म्हणून हांकलावयाचें, हा न्याय आपल्या घरीं तरी आपणांस मान्य होईल काय?