बोट फुटलीच पाहिजे!
अमेरिकेत काही हौशी मंडळी तळ्यात रिमोटच्या युद्धनौका लढवतात. खऱ्या नौकांची १:१४४ मापातली मॉडेल्स. म्हणजे २५१ मीटरची जर्मन 'बिस्मार्क' इथे जेमतेम पावणेदोन मीटरची. तोफांमधून वायूच्या दाबाने खरेखुरे धातूचे छर्रे सुटतात. आणि बोटीच्या बाजू? पातळ बाल्सा लाकडाच्या. त्या जाड करायच्या नाहीत, हा नियमच! छर्रा आरपार गेलाच पाहिजे.

मला हा नियम जाम आवडलाय. नवख्याने महिनोन् महिने खपून बांधलेली बोट पहिल्याच लढाईत डोळ्यांदेखत बुडू शकते. आतला पंप पाणी उपसतो, पण किती उपसणार? मग तळातून काढा, भोकं बुजवा, पुन्हा सोडा.

आपल्याकडे प्रोजेक्टचं मॉडेल (विकत आणलेलं नसलं तर!) व्हायवा झाला की थेट कपाटात. ते फोडून कुणी बघतच नाही. मग कुठे कच्चं राहिलं, हे कळणार कसं?