घरचा कित्ता

जॉन ग्रिफिथ्स हे वेल्सचे. १८६५ सालीं मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत शिकविण्यास आले. परक्या मुलांपुढें कोणता कित्ता ठेवावा? उत्तर त्यांस अजिंठ्यास सांपडलें. १८७२ ते १८८५ या काळांत अनेक हंगाम विद्यार्थ्यांसह त्यांनीं तेथील चित्रांच्या नकला केल्या. हिंदी विद्यार्थ्यास याहून उत्तम नमुने नाहींत, असें लिहून ठेविलें. माझ्या मतें तेथें गुरुही विद्यार्थी झाला.

अजिंठा आमच्या शहरापासून अवघा शंभर किलोमीटर. तरी आमचीं मुलें वर्गांत घडा नि शंकूच काढतात, आणि लेण्यांस जातात तीं डबे खाण्यास! (अशी एक सहल मींही नेली आहे.) पुढल्या खेपेस आंत नीट पाहावें, बाहेर झाडाखालीं बसून आठवेल तें काढावें. ज्याच्याजवळ वही-पेन्सिल नाहीं, त्यास बसमध्यें घेऊंच नये.