पाचशे मीटरच्या अलीकडचा पाऊस

अमरावतीत घर बांधायला काढलं तेव्हा मी इंजिनिअरला विचारलं, छताच्या पाण्याचं काय करायचं? त्यानं नकाशावरून मानही वर केली नाही. "भाऊ, तुमचा प्लॉट पंधराशे फुटाचा. तुम्हाले तो नियम लागतच नाही." जणू माझा दंड माफ झाला होता!

डिसेंबर २०२० मध्ये राज्यानं मुंबई आणि काही मोजके भाग वगळून सगळ्या शहरांसाठी एकच बांधकाम नियमावली आणली. तिच्यानुसार गावठाणाबाहेर ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर नवं बांधकाम करताना पावसाचं पाणी साठवणं किंवा जमिनीत मुरवणं सक्तीचं आहे. व्यवस्था नीट राखली नाही, तर दर १०० चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला हजार रुपयांपर्यंत आकारणी होऊ शकते. आता ५०० मीटर म्हणजे ५,३८२ फूट. अमरावती-अकोल्याच्या ले-आउटमध्ये एवढा प्लॉट किती जणांच्या नशिबात असतो? आणि ज्यांच्या असतो, त्यांच्यातल्या एका ओळखीच्या अपार्टमेंटमध्ये नकाशातल्या शोषखड्ड्यावर आज स्कूटर उभ्या राहतात.

माझी मामी दर्यापूर तालुक्यातली. तिला ही नियमावली वाचून दाखवली असती, तर ती हसलीच असती. पूर्णेच्या खोऱ्यातला तो खारपाणपट्टा, अमरावती, अकोला आणि बुलढाण्यात पसरलेला. विहिरीचं पाणी खारं, बोअरचं त्याहून खारं. त्यात वरणाची डाळ तास तास शिजत नाही. पाऊस लागला की मामी टिनाच्या पन्हाळीखाली गुंड, घागरी, बादल्या, असतील नसतील ती भांडी मांडायची. पहिल्या सरीचं पाणी मात्र वाहू द्यायची, टिनावरची धूळ अन् पक्ष्यांची घाण जाऊ दे म्हणून. फिल्टरवाले आज हीच गोष्ट पैसे घेऊन सांगतात.

साठवणं किंवा मुरवणं, नियमाला दोन्ही चालतं. मोठ्या इमारतींत मुरवण्याचा खड्डा स्वस्त पडतो, म्हणून बहुतेक जण खड्डाच निवडतात. पण खारपाणपट्ट्यात खाली खारं पाणी, वर चिकण काळी माती. मुरवलेलं गोडं पाणी जाणार कुठं? तिथं हौदच हवा. गंमत म्हणजे नियमावली साठवलेलं पाणी पिण्याव्यतिरिक्त वापरायला सांगते, आणि मामीच्या गावात पिण्याजोगं खात्रीचं पाणी तेवढंच. नरनाळा आणि गाविलगड हे सातपुड्यातले किल्ले तर तळ्यात साठवलेल्या पावसावरच नांदले.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार फुटांचा स्लॅब, अकोल्याचा वर्षाचा साडेसातशे मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस, वाया जाणारं वजा केलं तरी ५५ हजार लिटर. पाच माणसांच्या घराला पिण्या-रांधण्याला दिवसाला २५ लिटर धरलं, तर वर्षाला नऊ हजार लागतात.

मर्यादा छतापासून मोजावी, प्लॉटपासून नव्हे, आणि खारपाणपट्ट्यात खड्ड्याऐवजी हौद मागावा, एवढंच माझं म्हणणं. मी पंधराशे फुटांवर हौद बांधला. इंजिनिअर अजून त्याला माझी हौस म्हणतो. मामीच्या घरी आता पाच हजार लिटरचं टाकं आहे. घरात माणसं पाच. गेल्या वर्षी ते गुढीपाडव्यापर्यंत पुरलं.